मास्तरांचा पुण्यातला माळा

लक्ष्मी रस्त्यावरची दुकानं सोमवारी बंद असतात. त्या रस्त्याला लागून, सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत वासंती भिडे यांचं ब्लाउज शिवून देणारं दुकान आहे. तेही सोमवारीच बंद असतं. निपाणीतली शाळा मात्र रविवारी बंद असते. मैनुद्दीन अत्तार या दुकानात कटिंग मास्तर होता आणि त्याची मुलगी रझिया निपाणीच्या शाळेत आठवीत होती. रविवारी रात्री दुकान बंद करून तो स्वारगेटला बस पकडायचा आणि सोमवारी उजाडताना कर्नाटकात उतरायचा. तो घरी पोचेपर्यंत रझियाची वेणी घालून झालेली असायची. ती शाळेतून परत आली की तासाभरात त्याची निघायची तयारी सुरू व्हायची. निपाणीच्या त्या आळीत त्याला कुणी नावाने ओळखत नसे. सगळे ‘पुण्याचे पाव्हणे’ म्हणत. पुण्यात दुकानात येणाऱ्या बायका त्याला ‘निपाणीचे मास्तर’ म्हणू लागल्या होत्या.

अत्तार कुटुंब निपाणीचं नव्हे. मैनुद्दीनचा जन्म गंज पेठेतला, त्याच्या वडिलांचाही तिथलाच. त्यांची भाड्याची खोली ज्या इमारतीत होती ती पाडली गेली, तेव्हा ते कोंढव्याला गेले. तिथे दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि दर वेळी घरमालकाला आपल्या घराची नवी किंमत कळायची. तिसऱ्या कराराच्या वेळी मैनुद्दीनची बायको परवीन म्हणाली, “माझ्या माहेरी वखारीमागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. अंगण आहे. रज्जाकभाई भाडं नावाला घेईल.” रज्जाक तिचा थोरला भाऊ. आडनावाला ‘पुणेकर’ जोडलेलं असावं अशा थाटात वावरणाऱ्या मैनुद्दीनने आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग त्याने टेम्पो ठरवला.

परवीन आपल्या गावी परत गेली होती. रझियाला मैत्रिणी मिळाल्या, ती शाळेत कानडी शिकू लागली. राहता राहिल्या नसीमबानू, मैनुद्दीनची आई.

नसीमबानूंनी निपाणीला आल्यावर आपली ट्रंक उघडली नाही. वरचे चार कपडे काढले, बाकी तसंच ठेवलं. तंबाखूच्या वखारीचा वास घशात बसतो, अशी त्यांची तक्रार होती. पण खरी तक्रार वेगळी होती. त्या महापालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. गंज पेठेत शेजारणींची पत्रं, बिलं, नोटिसा त्याच वाचून दाखवायच्या. निपाणीत मराठी बोलणारे पुष्कळ, पण बसवरची पाटी कानडी, त्यावरचा आकडाही कानडी, सरकारी दवाखान्याच्या दारावरचं कानडी. नातीचा हात धरल्याशिवाय त्यांना कुठली बस कुठे जाते ते कळत नसे. “सत्तरीत मला अडाणी करून ठेवलं,” असं त्या परवीनला ऐकवायच्या. परवीन म्हणायची, “अम्मा, मी पुण्यात आले तेव्हा मला तरी कुठे काय येत होतं?”

“तुला शिकायचंच होतं. मला इथे थोडे दिवस राहायचंय.”

थोडे दिवस राहायचं, म्हणून त्यांनी फोनचा नंबरही बदलला नाही. नंबर पुण्याचा होता. त्या काळात परराज्यात गेलं की आलेला फोन उचलायचेही पैसे पडायचे. त्यामुळे मैनुद्दीनचा फोन आला की नसीमबानू उभ्यानेच बोलायच्या आणि ‘ठेव, ठेव, पैसे पळतात’ म्हणून वाक्य पुरं व्हायच्या आत बंद करायच्या. पुढे जे झालं त्याचं मूळ या सवयीत आहे.

निपाणीला बिऱ्हाड हलवल्यावर मैनुद्दीन पुण्यात एका ओळखीच्याकडे पथारी टाकून राहत होता. त्या माणसाच्या घरी लग्न निघालं आणि पथारी उचलावी लागली. तेव्हा वासंतीबाई म्हणाल्या, “मास्तर, दुकानाची चावी तशीही तुमच्याकडेच असते. वर माळ्यावर झोपत जा. पंखा लावा. पण इस्त्री चालू ठेवून झोपू नका, मला दुकान हवंय.”

त्याने त्याच संध्याकाळी आईला फोन लावला.

“अम्मा, जागेचं झालं. मालकिणीने माळा दिलाय.”

“माळा? अल्लाचे आभार! ठेव, ठेव.”

पुण्यात माळा म्हणजे पोटमाळा. छताखालची फळ्यांची अडगळीची जागा, जिथे वाकून बसता येतं. वासंतीबाईंच्या दुकानात तिथे कापडाच्या चिंध्यांची पोती, जुनी फॅशनची पुस्तकं आणि हात तुटलेला एक पुतळा होता. नसीमबानूंची धाकटी बहीण मात्र लग्न होऊन मुंबईला गेलेली. ती माझगावला तिसऱ्या माळ्यावर राहायची. त्या घरात स्वयंपाकघर होतं, गॅलरी होती, गॅलरीत तुळशीएवढा पुदिना होता. नसीमबानूंच्या लेखी माळा म्हणजे मजला. मुलाला पुण्यात एक अख्खा मजला राहायला मिळाला होता.

पुढच्या सोमवारी मैनुद्दीन घरी पोचला तेव्हा आळीतल्या दोन बायका त्याच्याकडे बघून हसल्या आणि अभिनंदन करून गेल्या. काय झालंय ते त्याला आईच्या पहिल्या प्रश्नात कळलं.

“खिडक्या किती आहेत?”

तो चपला काढत होता. पोटमाळ्याला रस्त्याच्या बाजूला एक झरोका होता. “एक,” तो म्हणाला.

“एकच? बरं. पाणी?”

“नळ खाली आहे.”

“भाडं किती घेतात?”

“घेत नाहीत.”

“ब्राह्मणाची बाई, भाडं घेत नाही? तिला शिरखुर्मा पाठवायला पाहिजे.”

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. मैनुद्दीन नंतर स्वतःला हेच सांगत राहिला. त्या दिवशी त्याच्याजवळ सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ होता. पण आई बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवली होती आणि परवीनला पुदिन्याचं रोप कुठे मिळेल ते विचारत होती. त्याने ठरवलं की पुढच्या सोमवारी सांगू.

पुढच्या सोमवारी नसीमबानूंनी एक पिशवी तयार ठेवली होती. त्यात पोळपाट-लाटणं होतं. त्यानंतर चाळण गेली. मग अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं, पायपुसणं, मिठाची बरणी. दर आठवड्याला मैनुद्दीन संसाराचा एकेक तुकडा मांडीवर घेऊन राज्याची हद्द ओलांडायचा आणि तो शिडीवरून पोटमाळ्यात सरकवायचा. एका मंगळवारी वासंतीबाईंनी वर नजर टाकली.

“मास्तर, पुढच्या आठवड्यात गाद्या-गिरद्या येणार आहेत का? आधी सांगा, म्हणजे मी भाडेकरार करून घेते.”

“आई पाठवते, बाई.”

“त्यांना सांगा, आमच्याकडे पोळ्या होत नाहीत. ब्लाउज होतात.”

हुक-काजाचं काम करणाऱ्या दोघी बायका दिवसभर हसत होत्या. मैनुद्दीनही हसला.

मग नसीमबानूंनी खिडकीचं माप मागितलं. पडदा शिवायचा होता. ज्याचा जन्म मापं घेण्यात गेला त्याला चुकीचं माप सांगता येईना. त्याने झरोक्याचं खरं माप सांगितलं. त्यांनी तेवढं माप बोटांनी कापडावर मोजलं.

“एवढीशी खिडकी?”

“पुण्यात आता अशाच असतात.”

त्यांनी हिरव्या फुलांचा पडदा हाताने शिवला. मैनुद्दीनने तो झरोक्याला लावला. माप बरोबर होतं.

परवीनला पहिल्या आठवड्यापासून सगळं माहीत होतं. “सांगून टाका,” ती दर सोमवारी म्हणायची. एकदा तो चिडला. “एवढं आहे तर तू सांग. तू रोज त्यांच्याजवळ असतेस.”

“मी? मी सांगितलं तर त्या म्हणतील, सुनेला पुण्याला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून सुनेनं माळ्याचा पोटमाळा केला. आई तुमची, माळाही तुमचा. तुम्हीच सांगा.”

तिचं चुकत नव्हतं. नसीमबानूंनी तोवर बेत पक्का केला होता. परवीन आणि रझिया निपाणीत राहतील, मुलीची शाळा मोडायची नाही. आपण पुण्याला जाऊन मुलाला दोन वेळचं करून घालायचं. गंज पेठेत ज्या बायका उरल्यात त्या चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. नवऱ्याची कबरही पुण्यातच आहे. आपलं व्हायचं ते तिथेच होईल. हे त्यांनी आळीत सांगितलं, रज्जाकला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. मैनुद्दीनला त्यांनी शेवटी सांगितलं, तेव्हा ट्रंक अंगणात आणलेली होती.

तो सोमवार होता. दहाची बस होती. रझिया आजीला सोडायला शाळा बुडवून आली आणि स्टँडवर बसची पाटी तिनेच वाचून दाखवली. “आजी, ही पुण्याची.”

“आता मला तुझी गरज नाही बाई,” नसीमबानू तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडत म्हणाल्या. “पुढचं मी वाचते.”

परवीनने नवऱ्याला बाजूला घेतलं. “बसमध्ये सांगा. मध्ये कुठेही उतरून परत येता येतं.”

कागल मागे पडलं आणि नसीमबानू पाट्या वाचू लागल्या. आधी मनातल्या मनात, मग मोठ्याने. खतांचं दुकान. पशुवैद्यकीय दवाखाना. शुद्ध शाकाहारी. वाहने सावकाश चालवा. पुढच्या बाकावरचा माणूस दोनदा वळून बघून गेला. कोल्हापूरला मैनुद्दीनने ठरवलं की कराडला सांगू. कराडला बस थांबली, त्यांनी भजी खाल्ली. तिथे त्या म्हणाल्या, “तुझ्या बाबांना भजी फार आवडायची. त्या मालकिणीला विचार, माळ्यावर तळण केलेलं चालतं का. बामणाच्या घरात विचारलेलं बरं.” मग त्याने साताऱ्यावर ढकललं. साताऱ्याला त्यांना डुलकी लागली. खंबाटकीच्या घाटात तो म्हणाला, “अम्मा, तो माळा फार मोठा नाही.”

“आपल्याला मोठा कशाला हवाय? दोन माणसं.”

त्यानंतर कात्रज आलं.

सोमवार असल्यामुळे गल्ली बंद होती. शटर ओढलेली, रिक्षाचा आवाज भिंतींवर आदळून परत येत होता. मैनुद्दीनने ट्रंक उतरवली, शटर वर केलं, दिवा लावला. नसीमबानूंनी दुकान पाहिलं. कापलेल्या अस्तरांचे गठ्ठे, मोठं कटिंगचं टेबल, दोऱ्यांची रिळं, खुंटीवर ग्राहकांचे मापाचे ब्लाउज. त्यांना ते सगळं आवडलेलं दिसलं.

“जिना कुठून?”

मैनुद्दीनने भिंतीला टेकवलेल्या लोखंडी शिडीकडे हात केला.

त्या शिडीपाशी गेल्या. चपला काढल्या. पदर खोचून दोन पायऱ्या चढल्या आणि त्यांचं डोकं पोटमाळ्याच्या फळ्यांच्या वर निघालं. समोर चिंध्यांची पोती होती. त्यांच्या शेजारी एक गादी, घडी घातलेली चादर. झरोक्यावर हिरव्या फुलांचा पडदा. पातेलं पालथं घातलेलं होतं. पोळपाट अजून वर्तमानपत्रातच होता. फॅशनच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर मिठाची बरणी, तिच्यामागे तो एका हाताचा पुतळा. आणि आडव्या तुळईवर कुणीतरी कधीकाळी पांढऱ्या रंगाने अक्षरं काढली होती. सबंध दिवस पाट्या वाचत आलेल्या नसीमबानूंनी तीही मोठ्याने वाचली.

“डोके सांभाळा.”

त्या उतरल्या. चपला घातल्या. ग्राहकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसल्या.

“हा पोटमाळा आहे.”

“हो.”

“तू माळा म्हणालास.”

“तू फोन ठेवलास, अम्मा.”

नसीमबानूंनी विचारलं, “जेवतोस कुठे?” खाणावळीत, असं त्याने सांगितलं. “मग माझं पातेलं कशाला आणलंस?” परवीनचा फोन आला. नसीमबानूंनी तो घेतला, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा बसून बोलल्या. “पोचलो. हो, नीट पोचलो. बोल ना, घाई कशाला, आता पैसे पडत नाहीत.” पण पलीकडे परवीनला काय बोलावं ते सुचेना. शेवटी परवीननेच फोन ठेवला.

नसीमबानू कटिंगच्या टेबलावर झोपल्या. सकाळी वासंतीबाई आल्या तेव्हा एक पांढऱ्या केसांची बाई स्टुलावर बसून रिकाम्या रिळांवरचे उरलेले दोरे सोडवत होती.

“तुम्ही मास्तरांच्या आई? पोळपाटवाल्या?” वासंतीबाई म्हणून गेल्या आणि लगेच त्यांना ते बोलल्याचं वाईट वाटलं. त्यांनी चहा मागवला.

“माझ्या मुलाला जागा दिलीत,” नसीमबानू म्हणाल्या. “फार केलंत.”

“अहो, जागा कसली? चिंध्या ठेवतो आम्ही तिथे. मीच यांना म्हटलं होतं, दुसरं काही बघा. आपण बसा ना, उठू नका.”

“पडदा छान बसलाय,” नसीमबानू म्हणाल्या.

मैनुद्दीनने अर्धा दिवस सुट्टी घेतली. त्याने आईला रिक्षाने गंज पेठेतून नेलं. त्यांच्या जुन्या इमारतीच्या जागी नवी उभी होती आणि तळमजल्याला मोबाइलचं दुकान होतं. ओळखीच्या बायकांपैकी एक मुलाकडे हडपसरला गेली होती. दुसरी भेटली. तिने बसवून घेतलं, सरबत दिलं आणि विचारलं, “किती दिवस आहात?” नसीमबानू म्हणाल्या, “आज निघाले.” कब्रस्तानाच्या फाटकाशी रिक्षा थांबवून त्यांनी बसल्या जागी दुवा मागितली. तिथून स्वारगेट. ट्रंक बसच्या टपावर चढवून, कंडक्टरला दोनदा सांगून मैनुद्दीनने त्यांना निपाणीच्या गाडीत बसवलं. पातेलं त्यांनी बरोबर घेतलं. परवीनच्या उपयोगाचं आहे, म्हणाल्या. बाकी सगळं राहू दे.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका जमल्या. पुण्याला कायमची गेलेली म्हातारी दोन दिवसांत परत कशी, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. परवीन आत चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. सासू आता काय सांगणार याची तिला धास्ती होती.

“माळा चांगला आहे,” नसीमबानू म्हणाल्या. “हवेशीर. खिडकीला मी शिवलेला पडदा आहे. मालकीण लाखात एक, मला चहा पाजला. पण जिना फार उभा आहे. माझे गुडघे चढत नाहीत.”

त्या आठवड्यात त्यांनी ट्रंक उघडून कपडे खुंट्यांना लावले. मग रझियाला पाठवून निपाणीचं सिमकार्ड आणवलं. मैनुद्दीनला नवा नंबर परवीनकडून कळला.

हे सगळं खरं तर इथे मिटायला हवं होतं. पण नसीमबानूंनी मुलाची लाज राखायला जे सांगितलं, ते आळीने जसंच्या तसं धरून ठेवलं. मुलाला पुण्यात, सदाशिव पेठेत, बिनभाड्याचा माळा आहे. आईला मात्र तंबाखूच्या वखारीमागे ठेवलंय, का तर म्हणे गुडघे. गुडघ्यांवर औषध मिळत नाही का पुण्यात? दर सोमवारी कुणी ना कुणी बोलायचं. दूधवाला म्हणाला, “पाव्हणं, आईला उचलून न्या की वर. तिनं तुम्हाला उचललंच होतं.” मशिदीत एका म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर, कुणाचं नाव न घेता, आईच्या सेवेवर चार शब्द सांगितले. पोटमाळ्याचं खरं सांगितलं असतं तर मैनुद्दीन सुटला असता, पण आई सगळ्यांपुढे खोटी पडली असती. दोघं घरात समोरासमोर बसायची तेव्हा हा विषय कुणीच काढत नसे. नसीमबानूंच्या कानावरही आळीचं बोलणं जात होतं. त्यांनी एकदा परवीनला विचारलं, “मी काय सांगायला हवं होतं?” परवीन म्हणाली, “काहीच नको होतं, अम्मा. तुम्ही त्या बायकांसमोर बसायलाच नको होतं.”

पावसाळा संपता संपता एका सोमवारी रज्जाक आला. अंगणात बाजेवर नसीमबानू तांदूळ निवडत होत्या. मैनुद्दीन पिशवी भरत होता. रज्जाकने चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं काढलं. मग म्हणाला, “दुल्हाभाई, एक काम होतं. डोळ्यात मोतीबिंदू सांगितलाय. इथले म्हणतात, पुण्यात दाखवा. येत्या आठवड्यात येईन म्हणतो. दोन-तीन दिवस. लॉजवर कशाला राहायचं? तुमचा माळा आहेच.”

परवीन दारात आली. ज्या माणसाने त्यांना दोन खोल्या जवळजवळ फुकट दिल्या होत्या त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती.

“जिना उभा आहे रे, रज्जाक,” नसीमबानू सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

“असू दे की, अम्माजी. माझे गुडघे धड आहेत. डोळा गेलाय फक्त.” तो आपल्याच बोलण्यावर हसला.

मैनुद्दीनने पिशवीची चेन लावली. आईकडे पाहिलं. त्यांची बोटं सुपात थांबली होती.

“या,” तो रज्जाकला म्हणाला. “फक्त डोकं सांभाळावं लागतं.”

रज्जाकला वाटलं, दार ठेंगणं असेल.